इंजिन नंबरातला एक

मी, नवल सुकदेव देवरे, वय ७२ (अक्षरी बहात्तर), गॅरेजवाला, राहणार दोंडाईचा, शुद्धीत राहून, कोणाच्या दडपणाखाली न येता हे लिहीत आहे. दडपण आहे, पण ते माझ्याच मनाचं.

१. घर पत्नी भिकुबाईचं. तिच्या हयातीत भूषणने भिंत पाडू नये.

२. गॅरेज व अवजारे मुलगा भूषणला. साडू वना याने नेलेला पाना आधी परत घ्यावा.

३. गॅरेजच्या कोपऱ्यातली झाकलेली राजदूत मोटारसायकल माझी नाही. पुण्याचे शौकीन तिला मोठी किंमत देतात, तरी भूषणने विकू नये. ती रुपली कुवरसिंग पावरा हिची आहे.

फ्रेम व इंजिनवरचे नंबर पाहून मी जुन्या गाडीचं साल सांगतो, म्हणून लोक मला 'नंबरवाले नाना' म्हणतात. १९९८ साली रुपलीचे वडील कुवरसिंग गाडीचं साल विचारायला आले. मी इंजिन नंबर वहीत मराठी आकड्यांत उतरवला. शेवट ४४७१. गाडीचं पुस्तक इंग्रजीत. जुळवताना माझाच मराठी एक मी इंग्रजी नऊ वाचला. भरल्या गॅरेजात म्हणालो, "इंजिन चोरीचं आहे."

"नाना, गाडी मनी शे, चोरीनी नही," ते म्हणाले. कोणी ऐकलं नाही. गाडी तिथेच टाकून ते पायी गेले. आठ दिवसांनी चूक कळली. भिकुबाई म्हणाली, "तुमनी चूक शे, सांगी टाका." नाव जाईल म्हणून मी गप्प बसलो. ते वारले, तोवर गावाच्या लेखी ते चोरच होते. मला माझी लाज वाटते.

४. माझ्या मृत्यूनंतर भूषणने ही चूक बाजारात जाहीर सांगावी.

कलम ४ रद्द. वाचून पाहिलं, तेव्हा कळलं की लाज भूषणला वाटेल आणि मी सुटेन. येत्या बाजारच्या दिवशी मीच सांगेन. साक्षीदारांनी ते ऐकावं, मगच माझ्यासमोर सही करावी. राजदूतच्या इंजिन नंबराचा शेवट ४४७१, अक्षरी चार हजार चारशे एकाहत्तर.

सही: न. सु. देवरे
दोंडाईचा, ११ (अक्षरी अकरा) जानेवारी २०२५

साक्षीदार:
ललित भामरे: बाजारात ऐकले. सही.
वना बोरसे: ऐकले. पाना परत केला. रुपली हजर होती. ती म्हणाली, "नाना, आते नंबर बी वाचा." नानांनी वाचला, शेवटचा 'एक' दोन वेळा. सही.