परंपरेत शून्य

बाबा, नमस्कार.

मी कर्वेनगरात मजेत आहे, मेसचं जेवणही बरं आहे. ढोल वाजवून हाताला फोड आलेत, ते आईला सांगू नका.

काल ढोल-ताशाच्या स्पर्धेत आमच्या पथकानं आजोबांनी तुम्हाला शिकवलेला हलगीचा ठेका ताशावर वाजवला. परीक्षक म्हणाले, "नावीन्य छान, पण यात परंपरा कुठंय?" परंपरेत शून्य गुण!

पहिलं बक्षीस सिनेमाचं गाणं वाजवणाऱ्यांना. त्यांचे फेटे एकसारखे होते, शिवाय परीक्षकसाहेब पूर्वी त्याच पथकात ध्वज नाचवायचे. ढोलाला कधी हात लावला नाही, म्हणून निःपक्षपाती असावेत.

तुमचा खांदा दुखायचा थांबला का? पुढच्या वर्षी तुम्हीच या वाजवायला. फक्त फेटा बांधून या, नाहीतर तुम्हालाही परंपरा शिकवतील.

तुमची,
अपेक्षा