मथी परत गेलीच नव्हती

गुढियारी, रायपूर

अहो,

कागद घेऊन बसली, कारण भांडायचं आहे अन् भांडायले तुम्ही उरले नाही. चारच्या गाडीनं जावई येऊन राहिले बिलासपूरहून. त्याच्या आत लिहून झालं पाहिजे. चौथी पास बाई मी, हात हळू चालते.

लेकीले तीजाले, म्हणजे आपल्या हरतालिकेले, माहेरी आणायची इथली रीत. दर वर्षी तुम्ही जाऊन सुमीले आणत होते. यंदा तुम्ही नाही, तर एकटीच आली. तीजा होऊन बारा दिवस झाले, जायचं नाव घेत नाही. काल केस पुसताना तिची पाठ दिसली. काय दिसलं ते लिहीत नाही. तुमाले समजलंच असन.

जावयांचा सकाळी फोन. "आई, सुमीले तयार ठेवा. मी रुकणार नाही." नमस्कार नाही, चमत्कार नाही. हुकूम!

आता खरं भांडण. ते जिल्द फाटलेलं पुस्तक आठवते? मी गच्चीवर रखिया बडी, कोहळ्याचे सांडगे, टाकत होती अन् तुम्ही सुट्टीच्या दिवशी खुर्ची टाकून मले वाचून दाखवत होते. मथी नावाच्या पोट्टीची कादंबरी. सुरुवातीले किती भित्री! सासू खोकलली तरी तिच्या हातातली वाटी पडे. मग हळूहळू तोंड फुटलं तिले. नणंदेजवळून अक्षरं शिकली, विहिरीवर एकटी जायले लागली, नवऱ्याच्या डोळ्यात पाहून बोलायले लागली. माझे डाळीचे हात थांबून जात. "पुढं काय करते ते सांगा ना!" तुम्ही म्हणत, "डाळ आंबून जाईन, टाक आधी."

अन् शेवट? मार खाऊन मथी माहेरी आली, अन् शहाणी होऊन सासरी परतली. असंच वाचलं ना तुम्ही? सुमी पायरीवर बसून ऐकत होती. तिचं लग्न ठरलं होतं.

मागच्या हप्त्यात आपल्या लेकाच्या पोरीनं, गुड्डीनं, ते पुस्तक काढलं. पोट्टी बोलते हिंदीत, पण मराठी वाचते बरं. मी म्हटलं, शेवट वाच, चांगला आहे. वाचता वाचता थांबली.

"आजी, ये तो वापस गई ही नहीं!"

"नीट वाच वो."

"नीट ही पढ़ रही हूँ. दरवाज़े पे खड़ी होके बोल रही है, मैं नहीं आऊँगी. बस, किताब खतम."

पुस्तक हिसकलं तिच्या हातातून. शब्दाखाली बोट ठेवून स्वतः वाचलं. एका पानाले अर्धा तास लागला. नव्हती गेली!

काहून बदललं? पायरीवर सुमी होती म्हणून? का समोर मी होती म्हणून? कागदावरच्या पोट्टीची एवढी धास्ती!

तेवढ्यावर थांबले असते तर सोडून दिलं असतं. लग्नाले सहा महिने झाले अन् सुमी आली, मनगट सुजलेलं. मी म्हटलं, "मथी परतली ना? तुलेच काय सोनं लागलं?" ओटी भरली, पाठवून दिलं. तुम्ही तिथंच पेपर घेऊन बसले होते. तुमाले माहीत होतं! एक शब्द बोलता आला नाही? पान तेवढं उलटलं पेपराचं.

अन् मी तरी काय? वाचलं तुम्ही, पण धाडलं मी. पुस्तक घरातच होतं, मले अक्षरं येत होती. कधी उघडून पाहिलं नाही.

आज भाजी निवडताना विचारलं, "सुमे, जायचं का?" म्हणते, "तू म्हणशील तसं." चाळीस पार झाली हो बाई! मथी दोनशे पानांत मोठी झाली, आपल्या पोरीले आपण पहिल्याच पानावर बसवून ठेवलं.

मी म्हटलं, "मी काही म्हणणार नाही." तर घाबरली. देठं अन् पानं एकाच ताटात टाकायले लागली.

साडेतीन झाले. ती आतून विचारून राहिली, "आई, बॅग भरू का?"

उठते. ते शेवटलं पान तिच्या हातात देते, तिनं स्वतः वाचावं. तुम्ही खोटं वाचलं हेही सांगते, तुमची इज्जत झाकत बसणार नाही. मग दारात ती पुढं उभी राहीन, मी मागं. ‘जाते’ म्हटली तर? तरी ओटी मी भरणार नाही. अन् ‘नाही’ म्हटली, तर जावयाले चहा मिळन, सुमी मिळणार नाही. वचन देते. तुमाले नाही, तिले.

तुमची बायको नंतर,
आज नुसती सुमीची आई