टोपलीवाली नको

बोरी अरब, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. बारा वर्षं ज्या सायकलीवर मी तांड्यावरच्या शाळेत शिकवायला जाते, तिचे गिअर चढावर अडकतात. नवे टाकता येतील का, हे विचारायला आज आम्ही दोघं यवतमाळला गेलो. दुकानदार माझ्याकडे न बघता यांना म्हणाला, "मॅडमले आता टोपलीवाली साधी सायकल घेऊन द्या." आणि यांनी मान हलवली.

रागातच परत आले आणि सायकल गावातल्या सलीम मिस्त्रींकडे नेली. नवे गिअर टाकले की झालं, एवढंच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी सायकल उलटी केली, चिखल पुसला आणि पायडलजवळच्या जोडाला गेलेली चीर दाखवली. "बाई, गिअर टाकून देतो, पण उतारावर फ्रेमच तुटली तर? दुसरी घ्या, पण गिअरवालीच."

म्हणजे नवीच घ्यावी लागणार. दुकानदाराचं अर्धं खरं निघालं, याचा आणखीच राग आला. पण टोपलीवाली काहून? तो दगडगोट्यांचा चढ रोज कोण चढतं? आणि यांची ती मान.

चहा देताना विचारलंच, "तुम्ही मान काहून हलवली?"

कप हातात तसाच धरून हे म्हणाले, "मले वाटलं, तू थकली असशीन."

"मले विचारलं का?"

"नाही."

यांनी कप खाली ठेवला. मग हे हळूच म्हणाले, "उद्या गिअरची पाहाले मी येऊ का संगं?"

"या," मी म्हटलं. "पण दुकानाच्या बाहेर उभे राहा."