अस्वल बोलत नाही

८ डिसें., सोम.
सुरतेहून खोक्यातून अस्वल आलं, म्हणजे अस्वलाचा सूट. आत शिरणार मी. बागेचे नवे मालक कमलेशशेठ म्हणाले, "मॅडम, आते गाईडनं काम उरनं नही." दहा वर्षं या विज्ञानबागेत पोरांना समजावून सांगितलं, आता नुसता हात हलवायचा. नाही म्हटलं तर बागेतलं राहायचं क्वार्टर जाणार. आईला घेऊन कुठे जाऊ?

१० डिसें., बुध.
सूटची चेन पाठीला. लावायला-काढायला सुपडूभाऊ माळी लागतात. ते झाडांकडे गेले की मी आत अडकलेली. आज पाऊण तास. नाक खाजत होतं. "ताई, श्वास चाली ऱ्हायना ना?" चाललाय म्हटलं.
बाग उभारणारे सर होते तेव्हा फाटकावर पाटी होती, 'इथे हात लावा'. सर वारले, त्यांच्या मुलांनी बाग शेठना विकली. शेठनी तीच पाटी उलटी करून 'रेन डान्स इकडे' लिहिलं. चीड येते. रोज तिच्याखालीच उभी असते.

१२ डिसें., शुक्र.
धडगावकडच्या आश्रमशाळेची सहल. डीजेला कंटाळून चार मुली मागच्या हौदाकडे गेल्या, मीही मागून. मी नि सरांनी केलेला पंप अजून आहे. तिरक्या दांड्याला गुंडाळलेली नळी, बस्स. एक मुलगी फिरवत होती, पाणी येईना. "तुटलाय," म्हणाली.
राहवलं नाही. "उलटा फिरव."
आधी पळाल्या. मग परत आल्या, फिरवला, पाणी वर आलं. कसं, म्हणे. सांगितलं: पाणी आपलं खालीच घसरतं, पण वेढा फिरता फिरता त्याला वर नेतो. मग तासभर प्रश्न. मी किती दिवसांनी बोलले.
शेठ मागे उभे. "अस्वल बोलस का कधी?"

१५ डिसें., सोम.
शेठ मला काढून टाकणार बहुतेक. आईला बोलले नाही.
दुपारी अस्वलाच्या तोंडातून पाहिलं, शेठ एकटेच पंप फिरवताहेत. बूट भिजले तरी फिरवतच होते.

१७ डिसें., बुध.
शाळांचे फोन, बोलणारं अस्वल आहे का. शेठचा हुकूम: सहलीच्या दिवशी डीजे बंद, पंपाला तेलपाणी, पाटी पुन्हा सुलट. मी पाटीला हात लावून आले. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.
पण शेठ म्हणाले, "सांगा सगळं. फक्त सूट घालीसन."
उद्या रनाळ्याची शाळा. म्हटलं, मी सूट घालणार नाही. शेठ म्हणाले, बघू. काय बघणार, कळलं नाही.
सुपडूभाऊंना सांगितलं, सकाळी चेन लावायला येऊ नका.
"मी येसूच, ताई. मंग तुम्ही ठरावा."