सातव्या बाईची अट

३ फेब्रुवारी
ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आमचं पाळणाघर बंद झाल्यापासून तीन महिने मी घरी माश्या मारतेय, तेव्हा मूल सांभाळायचं एक काम चालून आलंय, ते मला हवंच आहे. चार वर्षांची एकुलती एक मुलगी, आईवडील दोघंही वकील. गोम एवढीच, की वर्षभरात सहा बायका तिथे लागल्या आणि गेल्या. शेजारीण म्हणते, ती पोर नव्हे, वावटळ आहे. मी म्हटलं, अशा अठरा वावटळी मी एका वेळी सांभाळल्यात. तू तीस वर्षं लोकांची मुलं वाढवलीस. पुढच्या गुरुवारी मुलाखत आहे, काय विचारू ते कळव.
लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
भिंगरी

७ फेब्रुवारी
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

जा, पण गरीब गाय बनून जाऊ नकोस. ते तुझी मुलाखत घेतील, तू त्यांच्या घराची घे. सहाजणी का गेल्या हे विचारशील, तर बायकाच धड नव्हत्या असं ऐकशील. कशा गेल्या ते विचार. बाकी माझे गुडघे कुरकुरतात, आणि तुझे काका गुडघ्यांवर कुरकुरतात.
निकाल कळव, वाट बघते.
मावशी

१५ फेब्रुवारी
ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मुलीच्या आईने सहाजणींचा पाढा वाचला: एक आळशी, एक बडबडी, दोघी सतत फोनवर. पण मुलगी दुपारी झोपत नाही, डोळे तांबारले तरी नाही, म्हणून सगळ्याच वैतागायच्या. मग मी तुझा प्रश्न विचारला. आई सहज म्हणाल्या, मुलगी रडू नये म्हणून एखाद्या दुपारी ती दमून झोपली की बाईला निरोप द्यायचा, आणि उठल्यावर सांगायचं की बाई बाजारात गेली.

मावशी, मला खरंच राग आला. डोळा लागला की माणूस नाहीसं होतं, मग ती झोपेल कशाला? मी तसं सांगून टाकलं. आईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, काम आवडीने करीन, पण अट एक. रोज निघताना मी तिला जागेपणी 'येते' म्हणणार, आणि काम सोडायचा दिवस आला तर त्या दिवशी खरं सांगून निघणार. रडली तर रडू द्या. कळवतो, असं वडील म्हणाले.

बाहेर आले तर माझी एक चप्पल पाठीमागे लपवून मुलगी दारात उभी. मी तिच्यापुढे बसून 'येते' म्हटलं. तिने चप्पल काही दिली नाही. मी हिसकावलीही नाही, एका चपलेवर घरी आले. रस्ताभर लोक बघत होते.
माया आहे तशीच असावी.
भिंगरी

५ मार्च
ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अट मान्य झाली. आईंनीच फोन करून विचारलं, चप्पल न्यायला कधी येताय.

पहिले दहा दिवस रोज संध्याकाळी एक चप्पल ओलीस राहायची. मी पिशवीत जास्तीचा जोड नेऊ लागले. काल दुपारी ती माझ्या हातावर डोकं ठेवून झोपली. मध्येच दचकून उठली, मला पाहिलं आणि कूस बदलून पुन्हा झोपली. हाताला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. मला रडू आलं, तुला सांगायला काय लाजायचं?

संध्याकाळी दोन्ही चपला दारात नीट जोडून ठेवलेल्या होत्या. मी 'येते' म्हटलं. ती ठोकळे रचत होती. मान वर न करताच म्हणाली, ये.
काकांना नमस्कार. गुडघे जप, आणि माझ्यावरची माया जप.
तुझी,
भिंगरी