न वाचलेलं पुस्तक

पनवेल,
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय कमळाकर,

सप्रेम नमस्कार. तब्येत कशी आहे? पेणला थंडी सुरू झाली असेल. इथे करंजाड्यात अजून पंखा लागतो. दिपिका महिन्यातून एकदा पुण्याहून येते, डबे भरून ठेवते, बापाला ओरडते आणि जाते.

अक्षर माझं नाही, हे तू ओळखलंच असशील. वाचनालयातली ग्रंथपाल भाविका लिहून घेते आहे. वाचनालयानं हल्ली आमच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी बरंच केलंय. पेपर वरच्या मजल्यावरून खाली आणले, हातांच्या खुर्च्या ठेवल्या. दर गुरुवारी चार वाजता पुस्तक वाचून दाखवतात. हेच सांगत बसलोय, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

मला दोन वर्षांपासून वाचता येत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. मधलं सगळं पुसल्यासारखं, कडेचं तेवढं दिसतं. छत्तीस वर्षं पोरांना ऱ्हस्वदीर्घावरून फैलावर घेतलं, आता कुणाला सांगू की अक्षर दिसत नाही? दिपिकालाही सांगितलं नाही. रोज वाचनालयात पेपर धरून बसायचो, मधूनमधून पान उलटायचो. एकदा भाविका हळूच म्हणाली, "सर, हा गुजराती पेपर आहे."

"येतं मला गुजराती," मी म्हटलं.

ती हसली नाही. दोन दिवसांनी म्हणाली, "सर, गुरुवारी बसाल का? माझे उच्चार चुकले तर सांगा." त्या निमित्तानं बसू लागलो.

आता तुझं पुस्तक. मार्चमध्ये तू पाठवलंस आणि मी फोन केला, "एका बैठकीत संपवलं, हसून हसून पुरेवाट झाली." तू फोन ठेवून दिलास. नंतर माझा फोन घेतला नाहीस. मला वाटलं, लेखक झाला, चढला.

मी ते उघडलंही नव्हतं. आपण शिकवायचो त्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये सगळ्यांना हसवणारा तू, दुसरं काय लिहिणार, असं धरून चाललो.

गेल्या महिन्यात मीच ते भाविकाला दिलं. "विनोदी आहे, लोकांना बरं वाटेल," म्हणालो. पंधराएक माणसं होती. तिसऱ्याच पानावर सत्यवतीवहिनी तुला विचारतात, "तुम्ही कोण? आमचे हे यायच्या आत निघा." भाविका थांबली. मी म्हटलं, "वाच."

माझ्या शेजारी भामाबाई बसतात, मिठागरावर आयुष्य गेलेल्या, शाळा न पाहिलेल्या. त्या मधेच म्हणाल्या, "या मानसाकडं कोन जात नाय का? एकलाच करतंय सगला."

मी भाविकाला पुढचं पान वाचायला सांगितलं.

वहिनी आजारी असताना तू दोनदा बोलावलंस. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत. एसटीची पाटी वाचता येत नव्हती आणि विचारायची लाज वाटत होती. भाविका विचारते आहे, "सर, हे लिहू का?" लिही म्हटलं. आणि हेही लिही, की ते पुरतं खरं नाही. आमची ही गेल्यावर वहिनींनी वर्षभर मला डबा पाठवला. त्यांनीच मला ओळखलं नाही तर काय, या भीतीनं मी आलो नाही. तुला त्या रोज ओळखत नव्हत्या, हे माझ्या मनातही आलं नाही.

पुस्तक चार गुरुवारांत संपलं. शेवटी तू लिहिलंयस, वहिनींच्या दहाव्याला शाळेतलं कुणी आलं नाही. माझं नाव घातलं नाहीस. घातलं असतंस तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी पेणच्या गाडीनं येतोय. कंडक्टरला सांगेन, मला दिसत नाही, पेण आलं की उतरवा. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर थोडा वेळ बसेन आणि परत जाईन.

तुझा म्हणवून घ्यायला लाजणारा,
विनायक