खाणीतली पालथी ताटे

मी, भिवा सोनू मेस्त्री, वय एकाहत्तर, मूळचा कणकवली तालुक्यातला, सध्या मुलाकडे रोल्ला, शारजा येथे राहणारा, हे लिहून ठेवतो. वयामुळे अक्षर बिघडले आहे. बुद्धी जागेवर आहे. हे कोणी लिहायला लावलेले नाही, उलट मुलगा विष्णू म्हणतो, "बाबा, इतक्यात कशाला?" याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. गावचे घर आणि मागची काजूची बाग विष्णूची. बाग विकली तर हरकत नाही. घर विकण्याआधी त्याने तिथे एक मे महिना राहून पाहावे.

२. बँकेतली ठेव सून अपर्णा हिच्या एकटीची. तिचे ती काय करते, हे विष्णूने विचारू नये.

३. मी ज्या खाणीत काम केले तिच्या फोरमनला काही नाही. माझा सोबती धनंजय राऊळ दगडाखाली सापडून गेला, त्याच दुपारी हा फोरमन म्हणाला, "यल्ला, काम शुरू करो." तो हयात नसल्यास त्याच्या वारसांनाही काही नाही.

४. फुजैराच्या डोंगरातल्या त्या क्रोमच्या खाणीत मी उमेदीची सगळी वर्षे सुरुंगाची भोके पाडली. मेसमध्ये प्रत्येकाच्या ताटावर त्याचे नाव छिन्नीने कोरलेले असे. माणूस गेला की देह विमानाने घरी जाई. ताट आमच्यात राही, वरच्या फळीवर, पालथे. त्यात पुन्हा कोणी जेवत नसे. कोकणातले, केरळचे, पेशावरचे, सगळे हे पाळत. खाण बंद झाली तेव्हा आम्हाला जेवणावरून उठवून बसमध्ये बसवले. ताटे तिथेच राहिली.

५. खाणीच्या त्या ओसाड कॅम्पचे आता पर्यटनस्थळ झाले आहे. नात मिहिका, विष्णूची मुलगी, ते चालवणाऱ्या कंपनीत डिझायनर आहे. शनिवारी तिने आम्हाला तिथे नेले, मला आनंद व्हावा म्हणून. मेसचे हॉटेल झाले आहे. ताटे आमचीच, चकचकीत केलेली. मी भात बाजूला सारला आणि खाली नाव दिसले. धनंजय राऊळ. तोंडात घास होता. तो गिळायचा की थुंकायचा, मला कळेना.

"हे ताट कुठून आणलंस?"

"आजोबा, ही ताटं वरच्या शेल्फवर होती. हार्डली यूज्ड. म्हणून व्हीआयपी गेस्टसाठी ठेवलीत."

"पालथी होती ना?"

"हो. धूळ बसू नये म्हणून, आय थॉट."

विष्णू हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला. मी घास रुमालात काढला, ताट उचलले आणि निघालो. मॅनेजर आडवा आला. "अंकल, ये प्रॉपर्टी है." मिहिका त्याला म्हणाली, "हबीबी, खलास. जाने दो." गाडीत मी तिला सगळे सांगितले. तिला दोष देऊ नये.

६. ते ताट माझ्या मालमत्तेत धरू नये. ते धनंजयच्या बायकोचे, नर्मदेचे. मी स्वतः नेणार आहे. राहून गेले तर मिहिकेने न्यावे. कुरियरने पाठवू नये.

७. बाकीची पालथी ताटे फळीवर परत जावीत म्हणून मिहिका साहेबांशी भांडते आहे. साहेब म्हणतात, पाहुण्यांना तीच आवडतात. तिची नोकरी गेली तर अपर्णाने तिला बोलू नये.

८. माझे ताट त्याच हॉटेलात आहे. ओरखडे फार, म्हणून साध्या गिऱ्हाइकांना देतात. मी आहे तोवर खुशाल जेवावे. मी गेल्यावर मिहिकेने तिथे जावे. ताट कोणापुढे वाढलेले असेल, तर त्याला उठवू नये. त्याचे पोट भरेपर्यंत थांबावे. मग ते धुऊन वरच्या फळीवर पालथे घालावे.

हे मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

भिवा सोनू मेस्त्री (सही)

साक्षीदार:
शहनाझ मुकादम, शेजारीण (सही)
संजना राणे, अपर्णाची मैत्रीण (सही)

रोल्ला, शारजा
११ फेब्रुवारी २०२५